राखणीवर गेलेला माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. गोल जाळीचं डोकं, काळी मूठ आणि मुठीवर एक बटण, जे आता जरा सैल झालं आहे. मला हातात घेतलं की सगळे आधी टिचकी मारतात, मग फुंकर घालतात आणि "हॅलो, हॅलो" म्हणतात. हॅलो म्हणा, पण फुंकर घालू नका. माझ्या आत एक पातळ पडदा आहे, तुमच्या कानात असतो तसा. त्याला ते सोसत नाही.

तो पडदा ज्या कारखान्यात बसवला, तो मला आठवत नाही. आठवतं ते मुंबईतलं एक दुकान. तिथे जुन्या वस्तूंच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. एकदा कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. दुकानदाराने विचारलं, "भजनाला हवाय की वरातीला?"

"मला गायला हवाय. जॅझ."

"काहीही गा ताई. परत आणू नका म्हणजे झालं," असं म्हणून त्याने मला तिच्या हातात ठेवलं.

तिचं नाव मनस्वी. तिचे वडील भातसा धरणावर नोकरीला होते, म्हणून ती भातसानगरच्या वसाहतीत लहानाची मोठी झाली. जॅझ तिने आधी मोबाइलवर ऐकलं आणि मग ठाण्याला एका बाईंकडे जाऊन ती शिकली. जॅझ म्हणजे काय, हे मला तिच्या तोंडासमोर राहून कळलं. गाण्याची चाल ठरलेली असते, पण गाणारा तिच्यातून आपली वाट काढतो, आणि काल गेला त्या वाटेने आज जात नाही. मनस्वी तर कधी कधी शब्दही सोडून द्यायची. मग नुसतं दा-बा-दू, नाहीतर हुंकार, जिभेची टकटक, नुसता श्वास. पुढे काय येणार हे तिलाही ठाऊक नसायचं. मला धाकधूक व्हायची, की ही आता अडकणार. तेवढ्यात ती कुठूनशी बरोबर ठेक्यावर परत यायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

तिच्यामागे कुठली कंपनी नव्हती. कार्यक्रम तीच शोधायची, जाहिरातीचं चित्र तीच काढायची आणि वेळ आली तर खुर्च्याही मांडायची. ऐकायला मोजकी माणसं असायची. त्यांतलं कुणीतरी शेवटी जवळ येऊन म्हणायचं, "मघाशी तुम्ही केलंत ना, ते पुन्हा एकदा करून दाखवाल?" ती हसायची. "पुन्हा नाही येत. ते गेलं." तेव्हा मला फार मोठेपणा वाटायचा, कारण ते गेलेलं सगळ्यांत आधी माझ्यातून गेलेलं असायचं.

मग तिचं लग्न झालं. तिचा नवरा शेखर मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला होता, आणि त्याचं गाव असं होतं की ओटीवर उभं राहिलं की समोर सिद्धगड दिसायचा. पुढे मुलगी झाली. तिचं पाळण्यातलं नाव मोठं होतं, पण तिची आजी सकुबाई तिला ठकू म्हणायची, म्हणून सगळेच ठकू म्हणायला लागले. मला बाळाच्या जुन्या लंगोटात गुंडाळून कपाटात ठेवलं गेलं. लंगोटाला पावडरीचा वास होता. तो वाईट नव्हता. पण ठकू चालायला लागेपर्यंत मी एकही सूर ऐकला नाही, आणि मला वाटलं, संपलं आता आपलं.

आणि मग बोलावणं आलं. डिसेंबरात मुंबईत एक कार्यक्रम होता. तिथे सगळ्यांनी त्या क्षणी सुचेल तेच गायचं-वाजवायचं होतं. मनस्वीला एकटीने गायचं होतं.

"इतक्या दिवसांनी कुणीतरी आठवण काढली," ती शेखरला म्हणाली. "आत्ता गेले नाही, तर पुन्हा कोण विचारणार?"

"मग जा ना. ठकूला आमी बघतो," शेखर म्हणाला. तिने त्याच दिवशी मला कपाटातून काढलं.

दिवाळी जवळ आली होती. भाताच्या लोंब्या भरल्या होत्या आणि पोपटांचे थवे उतरत होते. तुम्हाला राखण माहीत आहे का? शेतात माळा बांधतात, त्यावर उभं राहून पक्ष्यांना हाकलायचं असतं. सकुबाई माळ्यावर चढून हाकारा घालायची, "हाऽऽऽ हुर्रऽऽऽ!" तो हाकारा मनस्वीला इतका आवडला, की तिने मला छोट्या रेकॉर्डरला जोडलं आणि ती सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पण सकुबाईचा हाकारा पक्ष्यांच्या ओळखीचा झाला होता. ते नुसती मान वर करायचे आणि पुन्हा लोंब्या सोलायला लागायचे.

"बघ गो मेले!" सकुबाई म्हणाली. "मला घरचीच समजाया लागलेत."

मनस्वीने सहज आपला एक हाकारा घातला. थवा उडाला. तिने दुसरा घातला, तो निराळाच होता. तिसरा तर मीही कधी ऐकला नव्हता. पोपटांना सवय व्हायची कशाची? ही बाई एकदा काढलेला आवाज पुन्हा काढतच नव्हती!

शेजारच्या शेतातून धाऊ ओरडला, "सकुबाय, तुजी सून काय गाते गो? पोपट पार सिद्धगडावर गेलं!"

"जॅझ गाते ती!"

"मग माज्या शेतावर बी गाऊ दे की!"

ती धाऊकाकांच्या शेतावर गेली. मग आणखी कुणाच्या. ज्या गावात आजवर "हे कसलं गाणं, याला शब्द कुठायत?" म्हणायचे, तिथेच सकाळ झाली की बोलावणी यायला लागली. मनस्वीला नाही म्हणवेना. कोण म्हणेल? ठकूला कडेवर घेऊन ती बांधाबांधाने फिरायची आणि मोकळ्या रानात मोकळ्या गळ्याने ओरडायची.

मित्रांनो, मी तेव्हा तिच्या हातात होतो, पण माझी वायर स्पीकरला नव्हती, रेकॉर्डरला होती. मी फक्त ऐकू शकत होतो. आणि जवळून ऐकणाऱ्याला आधी कळतं. तिच्या आवाजात एक बारीक खरखर आली होती, पेंढ्यावरून कुणी चालावं तशी. रोज ती थोडी वाढत होती. मला सांगायचं होतं, बाई, थांब. पण माईकला स्वतःचा आवाज नसतो.

एका सकाळी ठकू बांधावरून ओहोळाच्या दिशेने चालायला लागली. मनस्वीने तिला हाक मारली. हाक आलीच नाही. नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवाच. मला चिखलात टाकून ती धावत सुटली आणि पाण्याच्या काठावर तिने पोरीला उचललं. ठकू हसत होती. मनस्वी रडत होती, पण तिच्या रडण्यालाही आवाज नव्हता.

कल्याणच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. स्वरयंत्राच्या पडद्यांना सूज होती आणि एका बाजूला रक्त साकळलं होतं. ते म्हणाले, "एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. गप्प राहिलात तर भरून येईल. नाहीतर तिथे गाठ धरेल, मग गाण्याचं मी सांगू शकत नाही."

शेखरने मला उघडून, दात घासायच्या ब्रशाने चिखल काढून उन्हात वाळवलं. मी वाळलो. पण आता गाणार कोण? मनस्वी पाटीवर लिहून बोलायची. ठकूचे बोल नुकते फुटत होते. ती आईच्या तोंडाकडे बघत राहायची, तिच्या ओठांना बोट लावायची, आणि काही येत नाही म्हणून रुसायची. मनस्वी मग टाळ्यांनी, चुटक्यांनी तिच्याशी खेळायची. हिच्या कानावर माझा आवाज पडला नाही तर ही बोलायची कशी, असं तिने एकदा पाटीवर लिहिलं. सकुबाईला वाचता येत नव्हतं. शेखरने वाचून दाखवलं.

"मी हाय ना बडबडायला!" सकुबाई म्हणाली. आणि खरंच ती दिवसभर दोघींच्या वाटचं बोलत राहिली.

धाऊ ओटीवर येऊन म्हणाला, "सूनबाय रुसली काय? हाकेला ओ देत नाय."

"रुसली नाय. तुमची शेतं राखून गळा बसलाय तिचा. आता तुमी ओरडा!"

दुसऱ्या दिवशी धाऊने सकुबाईच्या शेतावर पत्र्याचा डबा बडवला. मग शेजारची माणसं पाळीपाळीने आली. कुणी थाळी वाजवली, कुणी शिट्या घातल्या, कुणी पोपटांना शिव्या दिल्या. रोज आवाज नवा, म्हणून पक्षी फिरकले नाहीत. भात कापून घरात आलं.

मनस्वी गप्पच होती.

पुन्हा तपासणीला गेली त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेलं नसावं. परत आली तेव्हा तिने पाटीवर लिहिलं नाही. तिने मला काढलं, या वेळी स्पीकरला जोडलं आणि ओठांजवळ धरलं. डॉक्टरांनी हळूहळू सुरुवात करायला सांगितलं होतं. मला आधी श्वास ऐकू आला. मग बारीक हुंकार. तो थरथरला, तुटला. सकुबाईने पदर तोंडाला लावला. मी वाट पाहत होतो ती त्या खरखरीची. हुंकार पुन्हा आला, टिकला, आणि स्वच्छ होता. पेंढा कुठेच नव्हता.

"ठकू," मनस्वी हळूच म्हणाली.

ठकूने वळून आधी स्पीकरकडे पाहिलं, मग आईकडे, आणि धावत येऊन तिच्या मांडीत शिरली.

"एवढं हळू बोललीस, तरी पार परसात ऐकू गेलं असंल," सकुबाई डोळे पुसत, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मग शेतात हा काय शोभेला धरला होतास गो?"

मनस्वी हसली. आवाज करून हसली. इतक्या दिवसांनी आम्ही सगळ्यांनी ते हसू ऐकलं.

डिसेंबरचा कार्यक्रम तिने केला. ती एकदाही ओरडली नाही. इतकं हळू गायली, की माणसं खुर्चीत पुढे सरकली आणि खोकला आला तरी दाबून बसली. आता तिच्या आवाजात पूर्वीचं टोक नाही, पण पूर्वी नव्हती अशी एक ऊब आहे. ती कुठून आली, हे मला विचारू नका. ते तिलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, माझा पडदा फाटला तर दुकानात दुसरा मिळतो. गळ्यातला मिळत नाही. म्हणून तुमच्या घरात जी कुणी तुम्हाला दिवसभर हाका मारते, तिच्या पहिल्याच हाकेला ओ द्या.