उन्हाचे छाप

वाचनालयाच्या गच्चीवर चित्रकलेच्या बाई मुलांकडून उन्हाचे छाप काढून घेत होत्या. औषध लावलेल्या कागदावर पान, पीस, काटकी, हवं ते ठेवायचं. वर काच, आणि काच हलू नये म्हणून कोपऱ्यावर वीट. ऊन लागलेला कागद पाण्यात धुतला की गर्द निळा होतो, पानाखालचा तेवढा पांढरा राहतो.

“बाई, माझी मुंगी पळाली!” एक जण ओरडला. सगळे खो-खो हसले.

“अरे, पान आण, पीस आण. मुंगीला कुठे दम धरवतोय?”

चिमणी नावाची मुलगी मात्र हसली नाही. ती जिन्याकडे बघत होती. तिचा बाप वर आला होता. त्याने तिच्या आईला मारून मारून अर्धमेली केली, तेव्हापासून मायलेकी वेगळ्या राहत होत्या. पोरीच्या आसपास फिरकायचं नाही, अशी कोर्टाची त्याला सक्त ताकीद होती. बाईंना हे ठाऊक होतं.

“चल घरी,” म्हणत त्याने तिची वेणी धरली.

“सोडा तिला!” बाई मध्ये पडल्या.

त्याने बाईंच्या तोंडावर ठोसा हाणला. त्या काचांवर कोसळल्या, कोपरात तुकडा घुसला. मुलं किंचाळत टाकीमागे पळाली. चिमणीने बापाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तसं त्याने तिला उचलून कठड्यावर आपटलं. तिच्या तोंडातून रक्त आलं. तो पुन्हा तिच्यावर वाकला.

बाईंच्या हाताला वीट लागली. ती त्यांनी त्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्या घावाला आडवा झाला. तिथे थांबायला हवं होतं. तो हात वर करून “बास, बास” म्हणत होता, आणि बाई मारतच होत्या. ग्रंथपालाने धावत येऊन त्यांना मागून कवळा घातला, तेव्हा कुठे वीट सुटली.

तो जगला, पण त्याचा एक डोळा गेला. खटला त्याच्यावरच झाला, तो तुरुंगात गेला. बाईंच्या सत्काराची टूम निघाली, ती त्यांनी उडवून लावली. वर्गाकडे मात्र कोणी फिरकेना. एका मुलाची आई रस्त्यात भेटली, तेव्हा नजर चुकवत म्हणाली, “तुमचे उपकारच आहेत हो, पण पोरगं झोपेत दचकतंय.”

मग एका दुपारी चिमणी आईबरोबर बाईंच्या घरी आली. आई आत येऊन बसली, चिमणी दारातच थांबली.

“बाई, माझं चुकलं तर मलाही माराल?”

“नाही गं, कधीच नाही.”

“बाबापण असंच म्हणायचे.”

बाई खाली जमिनीवर बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. चिमणीने ते दाबलेले हात पाहिले. मग आत आली, आणि आईच्या पलीकडे जाऊन बसली.