बॅरीचं स्थळ

विजयश्रीला बॅरीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा बॅरी हे मुलाचंच नाव असेल असं तिच्या आईला, सावित्रीबाईंना वाटलं. "असलं कसलं हो नाव?" त्यांनी नवऱ्याला, दौलतरावांना विचारलं. मग उलगडा झाला. मुलगा आपल्या पिंपळे गुरवचा, नाव क्षितिज. बॅरी हे कॅनडातलं शहर, तो तिथे नोकरीला.

दौलतराव मूळचे लातूरकडचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. तपासल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही, हा हाडात मुरलेला नियम. मुलाची चौकशी पिंपळे गुरवात झाली. शहराची चौकशी करायला ते मोबाइल घेऊन बसले.

मुलगा सुट्टीवर येईपर्यंत त्यांना बॅरी पाठ झालं. टोरोंटोच्या उत्तरेला, सिमको नावाच्या अफाट तळ्याच्या काठी. तिथले मूळ रहिवासी होड्या खांद्यावर घेऊन ज्या वाटेने पलीकडच्या ओढ्याला जायचे, त्याच वाटेने पुढे इंग्रजांनी अमेरिकेशी झालेल्या लढाईत रसद नेली. शहराला नाव दिलं आरमारातल्या एका अधिकाऱ्याचं. उन्हाळ्यात पोहणं, नौकाविहार. हिवाळ्यात तळं गोठतं आणि लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात! हे शेवटचं तर त्यांनी घराजवळ, रहाटणीत, दाढी करून घेता घेता न्हाव्यालाही ऐकवलं.

मार्चअखेरीस क्षितिज आई चित्राबाईंबरोबर मुलगी बघायला आला. पोहे आले. दौलतरावांनी घसा साफ केला.

"तळ्यावर जाता का फिरायला?"

"कुठल्या तळ्यावर, काका?"

"कुठल्या म्हणजे? सिमको! शहर काठावरच हाय की तुमचं."

क्षितिज गडबडला. "मी टोरोंटोहून जानेवारीत तिथे बदलून गेलो. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. थंडी इतकी, की मान वर करायची सोय नाही. तळं काही दिसलं नाही बुवा. घरासमोर एक मोठं मैदान आहे, तेवढं माहीत आहे."

"मैदान?"

"हो. पांढरंशुभ्र, सपाट. त्यावर छोट्या छोट्या झोपड्या असतात, माणसं स्टुलावर बसलेली असतात. मला वाटलं, जत्रा-बित्रा असेल."

दौलतराव पुढे सरकले. "ते लोक खाली बघत बसलेले असतात का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, तेच तळं हाय! मासे धरायला बसतेत ते!"

क्षितिजच्या हातातला चमचा बशीत पडला. "म्हणजे... त्याच्या खाली पाणी आहे?"

"मग काय!"

"काका, मी रोज त्यावरून चालत जायचो. शॉर्टकट म्हणून."

"अगं आई गं!" चित्राबाईंनी पदर तोंडाला लावला. विजयश्रीला हसू आवरेना म्हणून ती पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली.

दौलतराव मात्र गंभीर झाले. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "नापास. पायाखाली काय हाय ते ज्याला कळंना, त्याच्या हाती पोरगी कशी द्यायची?"

"बाबा," विजयश्री म्हणाली, "चाकणचा किल्ला कसा आहे हो?"

"चाकणला कुठं किल्ला हाय?"

"संग्रामदुर्ग. शाहिस्तेखानाला ज्याने झुंजवलं, तो. तुमची सगळी नोकरी चाकणला झाली ना?"

दौलतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून हसत होती.

"आसंल की," ते पुटपुटले. "कंपनीची बस तिकडून जात नव्हती."

ते बाहेर आले आणि क्षितिजला म्हणाले, "रविवारी मोकळे आहात का? किल्ला बघायला जाऊ."

रविवारी कांद्याच्या ट्रकांतून वाट काढत पाचही जण पोचले. थोडी तटबंदी, खंदक, एवढंच उरलेलं. दौलतराव एकेक दगड हात लावून तपासत राहिले. विजयश्री आणि क्षितिज बोलत बोलत दूरच्या टोकापर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने परतले.

"काय विचारलंस त्याला?" दौलतरावांनी लेकीला बाजूला घेतलं.

"पोहता येतं का, ते."

"मग?"

"नाही म्हणाला. त्याची सुट्टी आहे तोवर शिकवते म्हटलं. उद्या सकाळी पोहण्याच्या तलावावर यायला सांगितलंय."

"आगं, लग्नाचं काय म्हणालीस?"

"मी हो म्हणाले, बाबा."

दौलतरावांनी मान डोलावली आणि चित्राबाईंना ती बातमी सांगायला ते खंदकाच्या कडेने, खाली नीट बघत, निघाले.