बुजवलेला चर

भाताला तुडतुडे लागले की आपला हात आधी कुठे जातो? दुकानातल्या बाटलीकडेच ना? ईशान्येकडच्या डोंगरांतल्या झिरो खोऱ्यातल्या तामोचाही तिकडेच गेला. पाठीला फवारणीचा पंप अडकवून तो बांधावर आला, तर यासीकाकू ठाण मांडून बसलेली. तामोच्या शेतातलं पाणी खाली तिच्या शेतात नेणारी जी बांबूची नळी, नेमकी तिच्यावर.

"काकू, ऊठ. वारा सुटायच्या आत फवारायचंय."

"मी उठत नाही."

"अगं, माझ्या शेतात मारतोय. तुझ्या नाही."

"आणि पाणी काय बांधावर थांबून मला विचारणार आहे, येऊ का म्हणून? खाली माझे मासे आहेत. माझ्याखाली आणखी अकरा शेतं. त्या सगळ्यांना विचारून ये, मग उठते."

तामो चिडला. त्याचंही खरंच होतं, हे पीक गेलं तर वर्षभर घरात तांदूळ नव्हता. "मग सगळे तुडतुडे माझ्याच शेतात का, ते तरी सांग."

"लावणीआधी मधला चर कुणी बुजवला?"

या खोऱ्यात भातशेताच्या मधोमध चर असतो. पाणी उतरलं की मासे त्यात उतरतात. तेवढ्या जागेत चार ओळी भात जास्त बसेल, म्हणून तामोने चर बुजवला आणि यंदा मासे सोडलेच नाहीत. लोक हसले, तसा तो जास्तच हट्टाला पेटला.

"तुझ्या भाताचं एक खोड हलव," काकू म्हणाली.

त्याने हलवलं. तुडतुडे पाण्यावर पडले, जरा धडपडले आणि शेजारच्या खोडावर चढून बसले.

"आता खाली चल. पंप इथेच ठेव, माझा तुझ्यावर भरवसा नाही."

आपल्या शेतात तिने खोड हलवलं. दोन-तीन तुडतुडे पडले. पाणी किंचित हललं, आणि तुडतुडे दिसेनासे झाले.

"हे मासे राखण करतात, वर खतही देतात. तू चार ओळींसाठी यांना हाकललंस आणि यांचं काम विषाला द्यायला निघालास."

तामोला स्वतःची लाज वाटली. "आता चर खणला तरी थोडं पीक जाईलच ना?"

"जाईल. चुकलास तू, मासे नाही चुकले. घरात तांदूळ संपला तर माझ्याकडे ये."

संध्याकाळपर्यंत तामोने चार ओळी उपटून चर मोकळा केला. काकूने टोपलीभर मासे दिले.

चार दिवसांनी बाटल्या विकणारा माणूस फवारणी करून दाखवायला तामोच्या बांधावर आला. नळीवर दोघं बसली होती.

"जरा उठता का?"

"उठत नाही," तामो म्हणाला. काकूने सरकून त्याला आणखी जागा करून दिली.

मंडळी, शेतातला प्रत्येक जीव काही ना काही काम करत असतो. त्याला हाकललं की ते काम विषाला द्यावं लागतं, आणि विष कुणाच्या बांधाला जुमानत नाही. वरच्या शेतात कुणी पंप घेऊन आलं, तर खुशाल नळीवर जाऊन बसा. आणि पंप आपल्याच पाठीवर असेल, तर आधी तो उतरवा.