एका दमासाठी

मी एक जुना सायकलपंप आहे. जमिनीवर उभा ठेवून, खालच्या पट्टीवर दोन्ही पाय रोवून, दोन्ही हातांनी मारायचा पंप. मित्रांनो, बोलताना मध्येच माझा 'फुस्स' असा आवाज आला तर हसू नका. वय झालं की असं होतंच. आणि आधीच सांगून ठेवतो, मला स्तुती फार आवडते. आतून पोकळ असणाऱ्यांना ती आवडतेच.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी पत्र्याची नळी, नळीत दांडा, दांड्याला वर लाकडी मूठ आणि खाली कातड्याचा वाटोळा वायसर. हा वायसर म्हणजे माझा जीव. तो तेलाने मऊ असला की नळीला घट्ट बसतो आणि हवा पुढे ढकलतो. तो सुकला की संपलं! मग कितीही मारा, हवा मागच्या मागे पळून जाते. कारखान्यातल्या कारागिराने मला तपासताना माझ्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आणि दांडा खाली केला. हवेच्या जोराने त्याचा अंगठा बाजूला उडाला. "पोरगं दमाचं आहे," तो म्हणाला. ती माझी पहिली स्तुती.

मग मी मालकांकडे आलो. चौकात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहावं, एवढंच. भिंतीवर ट्यूबा टांगलेल्या, दारात पाण्याचं घमेलं आणि घमेल्याशेजारी मी. सारं गाव मालकांना 'पंक्चरकाका' म्हणायचं. हवा भरून झाली की ते टायरवर अंगठा दाबून बघायचे. मोजायचं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. अंगठ्याला पटलं की म्हणायचे, "आहे दम. जा." आमच्या दुकानात दम या शब्दाचा अर्थ एकच होता, एकदा भरलेली हवा.

मालक पंक्चरचे पैसे घ्यायचे, हवेचे कधी नाही. कुणी नाणं पुढे केलंच तर हात झटकून म्हणायचे, "ठेव खिशात. हवा काय माझ्या बापाची?" चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. खरं सांगतो, मला राग यायचा. कष्ट माझे आणि उदारपणा त्यांचा! पण संध्याकाळी ते माझा वायसर काढून तेलाच्या बोटाने चोळायचे, आणि माझा राग मावळायचा.

चाळीस वर्षं रबर घासल्याची धूळ आणि सोल्यूशनचा वास मालकांच्या छातीत जाऊन बसला. आधी खोकला आला, मग धाप. सगळ्या गावाच्या चाकांत हवा भरणाऱ्या माणसाला स्वतःला हवा पुरेना. त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि दुकानाला कुलूप लागलं. मी कोपऱ्यात उभा राहिलो. मुठीवर कोळ्याने जाळं विणलं आणि माझा वायसर सुकत गेला. कुणी विचारपूसही केली नाही.

चार महिन्यांनी कुलूप उघडलं. मालकांची मुलगी आली होती. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायचं काम करते. लग्न केलं नाही, बापाला धरून राहिली. मालक तिला 'बयो' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तिने मालकांची जुनी काळी सायकल बाहेर काढली, माझ्यावर दोन थेंब तेल सोडलं आणि हवा भरता भरता बोलू लागली. माझ्याशी नाही, स्वतःशीच. पण ऐकायला मीच होतो.

तिच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. दवाखान्यातल्या त्या वॉर्डात प्राणवायू देणारं मशीन एकच होतं. खोलीतली हवा ओढून घ्यायची, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढायचा आणि नळीने माणसाच्या नाकात सोडायचा, हे त्याचं काम. म्हणजे तसा माझाच भाऊबंद. पण ते लागणारी माणसं दोन होती. एक मालक आणि दुसरे शेजारच्या खाटेवरचे मास्तर. मग तीन तास यांना, तीन तास त्यांना, अशी पाळी लावली होती. ज्याची पाळी नसेल त्याने उशी पोटाशी धरून वाकून बसायचं आणि घड्याळाकडे बघायचं.

बयोने ठरवलं होतं की दुसरं मशीन आणायचं. त्यासाठी दोनशे किलोमीटर सायकल चालवायची, एका दिवसात धरणापर्यंत जाऊन परत यायचं, आणि लोकांकडे मदत मागायची. बापासाठी नुसता हात पसरणं तिला जमेना. काहीतरी करून मागावं, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी ती बारा किलोमीटर गेली आणि दुसऱ्या दिवशी कापायच्या टेबलाला धरून उभी राहिली. "काय गं, घोड्यावरून पडलीस की काय?" बायका हसल्या. पण ती रोज पहाटे कामाआधी निघायची. पंधरा, पंचवीस, चाळीस. रविवारी दुप्पट. मालक खाटेवरून शिकवायचे. धाप लागायची म्हणून त्यांची वाक्यं लहान झाली होती. "चढावर मान खाली. वर बघितलं की चढ वाढतो." तिच्या तळव्यांना घट्टे पडले, चेहरा रापला. चार महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी ती एकशे साठ किलोमीटर जाऊन परत आली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली.

रविवारी दुपारी ती मला बाजारात घेऊन बसायची. शेजारी एक डबा आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'हवा भरा, हवं ते द्या.' मित्रांनो, त्या दिवसांत मी जेवढा मिरवलो तेवढा आयुष्यात कधी मिरवलो नाही. कुणी सायकल घेऊन आलं, कुणी बाळाची गाडी, कुणी फुटबॉल. एक म्हातारे पोस्टमन हात हलवत आले. बयो म्हणाली, "काका, सायकल कुठंय?"

"सायकल कधीच विकली," ते म्हणाले आणि डब्यात पैसे टाकले. "एकतीस वर्षं तुझ्या बापाकडे फुकट हवा भरली. ती राहिली होती द्यायची."

असं करत निम्म्या मशीनची सोय झाली. उरलेल्या निम्म्यासाठी बयोने चौकात पाटी लावायचं ठरवलं. कागदावर लिहून दिलं, 'एका दमासाठी दोनशे किलोमीटर.' पेंटरने तो कागद वाचून नाक मुरडलं. त्याला वाटलं, पोरीचं व्याकरण कच्चं आहे. दमासाठी कुणी जातं का? माणूस जातो तो एका दमात! त्याने आपलं शहाणपण वापरलं आणि ठळक लाल अक्षरांत रंगवलं, 'एका दमात दोनशे किलोमीटर.' बयो भांडायला गेली तर म्हणतो, "चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय. मला मराठी शिकवू नकोस."

झालं! गावभर एकच चर्चा. लाकडाच्या वखारीचे मालक पाटीखाली उभे राहून मोठ्याने म्हणाले, "एका दमात? पाय न टेकता? जमलं तर उरलेले सगळे पैसे माझ्याकडून. नाही जमलं तर छदामही देणार नाही."

चारचौघांत 'चूक झाली' म्हणायला बयोची जीभ वळेना. शेवटी बापाचीच लेक. ती दवाखान्यात गेली आणि रडवेली होऊन सगळं सांगितलं. मालक एवढे हसले की सिस्टर धावत आल्या. हसू ओसरल्यावर ते थांबत थांबत म्हणाले, "वखारवाल्याला विचार... दम म्हणजे काय. लहानपणापासून... आमच्या दुकानात येतोय तो. दम म्हणजे... एकदा भरलेली हवा."

वखारवाल्यांनी डोकं खाजवलं आणि कबूल केलं. बयोने वाटेत उतरावं, बसावं, पाणी प्यावं. पण चाकांत पुन्हा हवा भरायची नाही. पंक्चर झालं तर हरली. दिवेलागणीच्या आत परत यायचं. वखारीचा हिशेबनीस स्कूटरवरून मागे राहील. आणि पंप बरोबर न्यायचा नाही.

पंप न्यायचा नाही! मला किती लागलं म्हणून सांगू. पण मालकांनी निरोप पाठवला, "पंप माझ्याकडे आण." आदल्या दिवशी त्यांनी माझा वायसर बशीतल्या तेलात बुडवून ठेवला आणि खाटेवर बसून अंगठ्याने चोळत राहिले. चादरीला तेल लागलं म्हणून सिस्टर रागावल्या. "उद्या धुऊन टाका," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मशीनवर मास्तरांची पाळी होती. मालक चाकाच्या खुर्चीत बसून दवाखान्याच्या अंगणात आले. बयोने माझ्या मुठीवर हात ठेवले, तर ते म्हणाले, "सरक. मी भरणार." डॉक्टर नको म्हणाले, सिस्टर नको म्हणाल्या. शेवटी बयोच्या हातांवर मालकांनी आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून मला मारलं. मी इतका जीव तोडून कधीच काम केलं नव्हतं. एकदाही फुस्स झालं नाही. प्रत्येक दाबाला मालकांचा श्वास माझ्या मुठीवर पडत होता. मग त्यांनी वाकून दोन्ही टायरांवर अंगठा दाबला. "आहे दम," ते म्हणाले. "जा."

ती गेली. मला मालकांच्या खाटेशेजारी उभं केलं.

हिशेबनीस अधूनमधून सिस्टरना फोन करायचा. पंचवीस झाले. पन्नास झाले. "चाकं कडक आहेत." धरणाला वळसा घालून झाला तेव्हा मालकांनी माझ्या मुठीवर थोपटलं. पुढे कळलं की परतीच्या वाटेवर तो हिशेबनीस स्कूटर पुढे काढून रस्त्यातल्या काचा आणि खिळे बाजूला सारत होता. खरं तर ती कुठे चुकते ते पकडायला त्याला धाडलं होतं. पण माणूस आहे, करणार काय.

दुपारी मशीन मास्तरांकडून काढून मालकांना लावायची वेळ आली. मास्तरांचे ओठ निळे पडले होते. सिस्टरनी नळीला हात लावला आणि त्या थांबल्या. मालकांनी हाताने 'नको' केलं.

"काका, पाळी तुमची आहे."

"राहू द्या त्यांना," मालक म्हणाले. "हवा काय... माझ्या बापाची?"

डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यातून सिलिंडर मागवला. गाडी निघाली होती. मालक उशी धरून वाकून बसले. सिस्टरनी फोन उचलला तेव्हा ते म्हणाले, "बयोला कळवू नका. ती सायकल सोडेल... गाडीत बसून येईल. मग मशीन गेलं. मास्तरांचं काय?" सिस्टरनी डोळे पुसत फोन परत ठेवला.

मी पंप आहे. श्वास कधी पुरतो आणि कधी अपुरा पडतो, हे मला आवाजावरून कळतं. साडेतीनला मालकांचा श्वास थांबला. सिलिंडर चारला आला.

दिवेलागणीच्या थोडं आधी बयो फाटकात शिरली. तिथे गर्दी होती. वखारवाले होते, पेंटर होता, पोस्टमन होते. टाळी कुणीच वाजवली नाही. तिला वाटलं, आपण हरलो की काय. ती ओरडून म्हणाली, "चाकं कडक आहेत हो! दाबून बघा ना!" कुणी पुढे आलं नाही. वखारवाले खाली बघत म्हणाले, "पोरी, जिंकलीस तू. आधी आत जा."

तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि तिला कळलं.

सायकल तशीच ढकलत ती वॉर्डात आली. तिने पुढचं चाक खाटेला लावलं, मालकांचा हात उचलला आणि त्यांचा अंगठा टायरवर दाबला.

"बाबा, बघा," ती म्हणाली. "अजून आहे दम." आणि मग ती रडली.

महिन्याभरात नवं मशीन आलं. मास्तर बरे होऊन घरी गेले. आता त्या वॉर्डात कुणाला घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. पेंटर ब्रश घेऊन आपणहून चौकात गेला आणि पाटी दुरुस्त केली. 'दमात'चं 'दमासाठी' करायला जागा पुरेना, म्हणून 'ठी' चौकटीवर गेलं आहे. ते तसंच आहे.

बयो रविवारी दुकान उघडते आणि मी दारात उभा असतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला दोन थेंब तेल द्या. कुणाचं चाक बसलं असेल, तर हवा भरून द्या आणि पैसे घेऊ नका. कुणी विचारलं तर मालकांचं वाक्य सांगा.

त्या काळ्या सायकलीत बयोने पुढे कित्येक दिवस हवा भरली नाही. ती चाकं हळूहळू आपली आपण बसली, तशी सगळीच बसतात. रोज सकाळी ती अंगठा दाबून बघायची. मी बघायचो. हवा कुणाच्या बापाची नसते, हे मी चाळीस वर्षं ऐकलं होतं. पण त्या दोन चाकांतली हवा बयोच्या बापाची होती.