डावीकडची सरपटी

ईश्वरप्पाला गोल्फ येत नाही, हे मी तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय. येत असता तर होल पंधरा पावलांवर आलेला असताना त्यानं चेंडू आभाळात कशाला उडवला असता? मधे नाला नाही, झुडूप नाही, सपाट मुरूम. सात नंबरच्या काठीनं हलकेच ढकलला की चेंडू जमिनीला धरून सरपटत होलपाशी जातो, हीच माझी सरपटी. पण नाही. याला चेंडू वरच पाठवायचा असतो.

हे सगळं रेणापूरजवळच्या आमच्या जुन्या प्रकल्प वसाहतीतलं. तिथल्या एका हौशी साहेबानं पडीक माळावर पाच होलांचं मैदान आखलं होतं. हिरवळ आणणार कुठून? होलाभोवती जिथं हिरवळ हवी तिथं त्यानं वाळू गोल पसरली आणि ती उडू नये म्हणून वर्कशॉपमधलं जळकं ऑइल तीत मिसळलं. त्या काळ्या गोलाला आम्ही खळं म्हणायचो. साहेब दोन वर्षांत बदलून गेला. मैदान आणि खुळ मात्र आम्हा दोघा इंजिनिअरांच्या गळ्यात टाकून गेला.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आमचा सामना. जिंकणाऱ्याकडे वर्षभर एक पितळी तांब्या. रिटायर झाल्यावर मी लातूरला घर बांधलं, ईश्वरप्पा लेकीजवळ नांदेडला गेला, वसाहत ओस पडली, तरी सामना चुकला नाही. तो आदल्या दिवशी एसटीनं माझ्याकडे यायचा, रात्री ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन माझ्या खेळाला नावं ठेवायचा. तीस सामने झाले. पंधरा त्याचे, पंधरा माझे. यंदाचा एकतिसावा शेवटचा, कारण पुढच्या महिन्यात त्या माळावर सोलरच्या पाट्या बसणार आहेत. म्हणजे यंदा तांब्या ज्याच्या घरी जाईल त्याच्याच घरी राहणार. मला तो हवा होता. माझ्या कपाटात त्याच्यासाठी एक फळी मी आठवड्यापूर्वीच रिकामी करून ठेवली होती, हे कशाला लपवू?

सकाळी आठला पोचलो. बाभळीखाली पंचफुलाबाई खराटा घेऊन उभी होती. मैदान झालं तेव्हापासून खळी झाडायचं काम तिचं. वसाहत उठल्यावरही सामन्याच्या आधी निरोप गेला की शेजारच्या गावातून ती येते, तण काढते, वाळू सारखी करते. आता साठीला आलीय, कंबर धरून चालते.

"उशीर झाला साहेब यंदा," ती म्हणाली. "पाचवं खळं आत्ताच झाडलं बघा."

"होऊ दे, होऊ दे," मी म्हणालो. माझं लक्ष तांब्यावर होतं. ईश्वरप्पानं तो पिशवीतून काढून दगडावर ठेवला होता आणि आता तो टॉवेलानं पुसत होता, मला दिसेल असा.

चार होल झाले तेव्हा बरोबरी होती. पाचव्यावर नेहमीप्रमाणे माझा चेंडू डावीकडे गेला, त्याचा उजवीकडे. देवानं आमच्या मनगटांतच तसा वाक घातलाय, त्याला इलाज नाही. ईश्वरप्पानं वेज, म्हणजे चेंडू वर उडवायची तिरप्या तोंडाची काठी, काढली आणि चेंडू उंच उडवला. तो खळ्यावर धप्पकन पडून तिथंच बसला. मग दोनदा ढकलून त्यानं सहा फटक्यांत होल संपवला. माझे तीन झाले होते. अजून दोनात आत घातला की तांब्या माझा.

मी सात नंबरची काठी घेतली आणि अंदाज घ्यायला वाकलो. तेव्हा जमीन दिसली. खराट्याच्या ताज्या रेघा माझ्या चेंडूपासून थेट खळ्यापर्यंत गेल्या होत्या. दोन हात रुंद पट्टा, त्यात एक खडा नाही, घरचं अंगण सारवायला घेतल्यासारखा. मी उजवीकडे बघितलं. तिथं लिंबाएवढे खडे पसरलेले. एरवी ती पहाटेच झाडून जायची आणि आम्ही येईपर्यंत वारा रेघा पुसून टाकायचा. यंदा उशीर झाला म्हणून त्या राहिल्या.

"पंचफुलाबाई, हे खळ्याच्या बाहेर कशाला झाडलंस?"

"दरसालीच झाडते की. तुमचा चेंडू हिकडंच येतो न्हवं?"

"पाची खळ्यांना?"

"हाव. पाची."

"आणि उजवीकडं?"

"तिकडं कशाला?" तिला माझा प्रश्न कळेना. "तिकडं ईश्वरप्पा साहेबाचा येतो."

माझ्या कानशिलांत आग उठली. तीस वर्षं मी लोकांना सरपटी कशी मारायची ते शिकवत होतो. लग्नाच्या पंगतीत हातात काठी धरल्यासारखं करून दाखवत होतो. आणि माझी सगळी कला या बाईच्या खराट्यात होती.

"पण का गं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"साहेब, माझी लुंबिनी चाळीस दिसाची होती. मी गिट्टी फोडायला होते, उन्हात. तुम्ही जीपमधून उतरला, मुकादमाला म्हनला, हिला उद्यापासनं मैदानावर लाव, तिथं सावली हाय. या बाभळीलाच झोळी बांधली होती मी." ती थोडं हसली. "आता दवाखान्यात सिस्टर हाय ती, लातुरात. तुम्हाला याद नसंल."

मला खरंच आठवत नव्हतं. जीपमधून उतरून मी रोज दहा माणसांना दहा हुकूम द्यायचो. बहुतेक शिव्याच असायच्या. त्यातला हा एक तिनं तीस वर्षं जपला होता आणि मला पत्ताही नव्हता. मला फार लाज वाटली, हे सरळच सांगतो.

मी सात नंबर खाली टाकली आणि ईश्वरप्पाकडे गेलो. "तुझी वेज दे."

"तुला कशाला? सरपटी मार की."

"नाही मारत. जमीन बघ. बाईनं माझ्याच बाजूला झाडून ठेवलीय. तीस वर्षं झाडतीय!"

"म्हाईताय," तो म्हणाला.

"काय म्हाईताय?"

"दुसऱ्याच साली कळलं मला. माझ्या बाजूला खडे, तुझ्या बाजूला साफ. खड्यांवरनं चेंडू सरळ जातोय व्हय? मग हैदराबादला जाऊन ही वेज आणली. म्हनलं, खालून वाट न्हाई तर वरनं जाऊ."

ज्या फटक्याला मी जन्मभर हसलो, तो ईश्वरप्पा माझ्यामुळं शिकला होता. आणि त्या खड्यांवरून पंधरा वेळा जिंकलाही होता.

"मग बोलला का न्हाईस मला?"

"तुला?" ईश्वरप्पा टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला. "लई कडक होतास तवा तू. कुणी लबाडी केली म्हनलं की पुढचं ऐकायचास का? दुसऱ्या दिशी तिला कामावरनं काढलं असतंस. लेकरू झोळीत होतं तिचं."

मी काढलंच असतं. त्या काळचा मी मला चांगला ठाऊक आहे. दोघं जण इतकी वर्षं मला सांभाळून घेत होते, एक झाडून आणि एक गप्प बसून.

"दे वेज," मी पुन्हा म्हणालो, पण जोर उरला नव्हता.

"न्हाई देत. कंबर दुखत असताना बाईनं सकाळपासनं झाडलंय. तिच्या समोर वरनं मारतूस? जा, सरपटी मार."

मी परत गेलो. डोळ्यांत पाणी आल्यानं होल नीट दिसत नव्हता. पट्टा दिसत होता, तेवढं पुरलं. हलकेच ढकलला. चेंडू त्या रेघांवरून सरपटत गेला, वाळूवर मंदावला आणि होलच्या वीतभर अलीकडे थांबला. पुढच्या फटक्यात आत.

"बघा!" पंचफुलाबाई खराटा वर करून ओरडली. इतका आनंद मला झाला नव्हता.

मी तांब्या उचलून ईश्वरप्पापुढे धरला. त्यानं नको म्हणून मान हलवली. मग मी तो तिच्यापुढे धरला.

"मला काय करायचा साहेब? घरी हायेत तांबे," ती बाभळीच्या बुडाशी बसत म्हणाली. "पाणी असंल तर द्या. लई तहान लागली."

एकतीस वर्षांत त्या तांब्यात कुणी पाणी भरलं नव्हतं, आणि मी तिला कधी पाणी विचारलं नव्हतं. वसाहतीच्या फाटकापाशी जुना हापसा आहे. मी तांब्या घेऊन गेलो, दोनदा विसळला, काठोकाठ भरला आणि सांडू नये म्हणून हळूहळू चालत आणला. ती घटाघटा प्यायली. मग पदरानं तोंड पुसून तिनं तांब्या माझ्या हातात दिला. अर्धा मी प्यायलो आणि उरलेला ईश्वरप्पाला दिला.