दुपारचा वाचक

चर्चमधून निवृत्त झालेल्या पाळकसाहेबांनी क्षमेवरचा आपला प्रबंध पुन्हा बाहेर काढला, तेव्हा लेकीने कपाळाला हात लावला. तिच्या जन्माआधी सुरू झालेला हा प्रबंध तिची मुलं कॉलेजात गेली तरी संपायचं नाव घेत नव्हता. पण पप्पा एकदा हट्टाला पेटले की कोणाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांच्या धर्मशास्त्र महाविद्यालयाने जुन्या विद्यार्थ्यांना ई-ग्रंथालय खुलं केलं होतं. ग्रंथपालबाईंनी फोनवर सांगितलं तसं साहेबांनी ते अभ्यासाच्या खोलीतल्या संगणकावर उघडलं. दुपारी आडवं पडून वाचता यावं म्हणून लेकीने टॅबलेटवरही बसवून दिलं.

पहिल्याच सकाळी तो ग्रंथ सापडला. क्षमेवरचा, साडेसातशे पानांचा, ज्याच्या नुसत्या नावाने एके काळी अख्ख्या वर्गाला घाम फुटायचा. पडद्यावरची ती पिवळट पानं पाहून साहेबांना भरून आलं. त्यांच्या वेळी महाविद्यालयात याची एकच प्रत होती. मग साहेब आणि त्यांचा जिवलग मित्र लंबू यांनी तोडगा काढला होता. सकाळी साहेब वाचणार, जेवणानंतर लंबू. जेवणाची घंटा झाली की ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ग्रंथ या हातातून त्या हातात जायचा. तिथेच उभ्याउभ्या दोघं वाद घालायचे, हसायचे, एकमेकांच्या वह्या वाचायचे आणि बऱ्याचदा जेवायचंच विसरायचे. तसं सुख पुढे कुठे मिळालं नाही, हे साहेब मोकळेपणाने कबूल करत.

त्या दुपारी टॅबलेट उघडला तर ग्रंथाखाली सूचना होती, प्रत एकच असून ती सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे. दुसऱ्या सकाळी संगणकावर ग्रंथ हजर. दुपारी पुन्हा दुसऱ्याकडे. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जेवणानंतर हा ग्रंथ घेऊन बसणारा माणूस त्यांना एकच माहीत होता.

तेव्हापासून त्यांचा नूरच पालटला. बाराच्या ठोक्याला ते संगणकापुढून उठत आणि आता त्याला वाचू दे म्हणत. पप्पांचं काहीतरी बिनसलंय असं लेकीला वाटलं, पण इतका खुललेला चेहरा तिने आई गेल्यापासून पाहिला नव्हता, म्हणून तिने ते चालू दिलं.

या आनंदाच्या पोटात एक जुना सल होता. शेवटच्या वर्षी लंबूच्या निबंधात साहेबांना आपल्या वहीतला मुद्दा दिसला. ते तडक प्राचार्यांकडे गेले आणि मित्राला चोर ठरवून मोकळे झाले. लंबू चकार शब्द बोलला नाही. त्याचं वर्ष बुडालं, आणि तो कुठल्याशा दूरच्या चर्चच्या मंडळीत निघून गेला. साहेबांच्या मनात शंकेचा किडा तेव्हापासूनच वळवळत होता, म्हणून तर प्रबंध त्या प्रकरणापुढे कधी सरकला नाही. आणि आता त्या ग्रंथाच्या चारशे बाराव्या पानावर तोच मुद्दा शब्दाला शब्द छापलेला होता. दोघांनीही तो तिथूनच उचलला होता. क्षमेवर तीनशे पानं लिहिणाऱ्या या माणसाने ती मागणारी एक ओळ कधी लिहिली नव्हती.

साहेबांनी लेकीदेखत ग्रंथपालबाईंना स्पीकरवर फोन लावला.

"त्या दुपारच्या वाचकाला माझा निरोप द्या. म्हणावं, तो मुद्दा तुझाही नव्हता आणि माझाही नव्हता. चूक माझी होती. मला माफ कर."

पलीकडे बराच वेळ नुसती बटणं वाजत राहिली.

"साहेब," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "दुसरा वाचक तुम्हीच आहात. संगणकावर तुमच्या जुन्या हजेरी क्रमांकाने शिरलात, आणि टॅबलेटवर तुमच्याच नावाने नवं खातं काढलंय. संगणकावर घेतलेलं पुस्तक तुम्ही अजून परतच केलेलं नाही."

लेकीला आधी हसू फुटलं, पण बापाचा चेहरा पाहून ते तिथल्या तिथे विरलं. साहेबांना लाज वाटली. त्याहून जास्त, आठवडाभराची सोबत गेल्याचं वाईट वाटलं.

"मग त्याला अजून काहीच कळलेलं नाही," ते म्हणाले.

लेकीने तासभर मंडळ्यांच्या कचेऱ्यांत फोन फिरवले, लंबूचा नंबर मिळवला, तो लावला आणि फोन बापाच्या हातात दिला. लंबूचा आवाज बारीक झाला होता, पण हॅलो म्हणतानाचा तो हेल जसाच्या तसा होता. साहेबांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, पान क्रमांकासकट.



"एक पान वाचायला पन्नास वर्षं लागली तुला," लंबू म्हणाला.

"लागली. माफ करशील?"



"आता पुढचं वाच. मोठ्याने वाच. माझी नजर गेली, दोन वर्षं झाली."

साहेबांनी चष्मा पुसला, पुढचं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.