फिका गुलाबी

"बाई, झालं," म्हणत घड्याळजीच्या मुलीने काचेचा चंबू पुढे धरला. बाईंनी अलीकडच्या सवयीप्रमाणे चंबूकडे बघायच्या आधी मुलीच्या तोंडाकडे बघितलं.

तोंडावर काही नव्हतं. आनंद नाही, धास्ती नाही. ही पोरगी मुळातच तशी. वर्गात हसून हसून मुरकुंडी वळली तरी ही आपली ढिम्म. दुकानात बापाशेजारी बसून घड्याळांची बारीक चाकं उचलायची, तेव्हा जोरात श्वास घेतला तरी चाक उडून जातं, त्यातून हिला ही सवय जडली, असं बाकीच्या पोरी सांगत. बाईंनी मग चंबूकडे नजर वळवली. आत पाणी दिसलं, स्वच्छ पाणी.

"अजून एक थेंब सोड," बाई म्हणाल्या.

बाईंनी उभा जन्म शाळेच्या या प्रयोगशाळेत काढला होता. वायू, क्षार, धातू, सगळं शिकवून झालं, पण त्यांचा जीव अडकला होता तो टायट्रेशनमध्ये. खाली चंबूत मोजलेलं आम्ल, त्यात दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या द्रवाचे, थोडे थेंब. वर उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, अल्कली. तोटी हलक्या हाताने फिरवून अल्कली थेंबाथेंबाने सोडायचं आणि चंबू गोल हलवत राहायचं. थेंब पडतो तिथे गुलाबी भोवरा उठतो आणि विरून जातो. पुन्हा उठतो, पुन्हा विरतो. आणि मग एक थेंब असा पडतो की गुलाबी विरतच नाही. तोवर पाणी होतं ते सगळंच्या सगळं फिकं गुलाबी होऊन बसतं. तिथेच थांबायचं. पुढचा एक थेंब पडला तर रंग गडद, आणि प्रयोग वाया.

"आत अगणित कण आपापला जोडीदार शोधतायत," बाई दरवर्षी सांगत. "शेवटच्या कणाची जोडी लागली की त्यानंतर जो येतो, त्याला कोणी उरत नाही. तो एकटा पडतो. आणि तो एकटा अख्ख्या चंबूला आपण आल्याचं कळवतो." सांगताना त्यांचा आवाज खाली येई आणि टारगट पोरंही गप्प होत. पाठीमागे सगळे त्यांना थेंबबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. इतकी वर्षं झाली, तरी तो थेंब टिकला की बाईंना दर वेळी वाटे, हे आपल्या डोळ्यांदेखत घडतंय आणि आपल्याला ते बघायला मिळतंय, यापरतं भाग्य नाही.

आणि नेमके तेच डोळे दगा देऊ लागले होते. डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे, आधी रंग जातील, त्यातही फिके आधी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. यावर इलाज नव्हता. नवरा रोज बजावत होता, शाळेत सांगून मोकळी हो. बाई आज सांगते, उद्या सांगते करत दिवस ढकलत होत्या. भीती नोकरीची नव्हती, ती संपतच आली होती. प्रयोगशाळा सुटली तर आपण उरणार कोण, हा प्रश्न त्यांना खात होता.

त्यातून त्यांनी आपली एक युक्ती काढली. चंबू वाचता येईना, म्हणून त्या तोंडं वाचायला लागल्या. गुलाबी टिकला की पोरांच्या भुवया वर जात, ओठ विलग होत, कोणाचा तर श्वासच अडके. आश्चर्य लपवता येत नाही. तोंडावर ते दिसलं की बाई मान डोलवत आणि मूल नळीवरचा आकडा लिहून घेई. ही युक्ती एकदाही चुकली नव्हती.

घड्याळजीच्या मुलीने तोटी जरा फिरवली. थेंब पडला आणि चंबू गडद गुलाबी झाला. एवढा गडद रंग बाईंना अजून दिसत होता.

मुलगी चंबूकडे बघत राहिली. "आधीच झालं होतं, बाई," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

ही वार्षिक परीक्षा होती. प्रत्येकाला आम्ल मोजून दिलेलं, मुलीच्या वाट्याचं संपलेलं. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे विषयात नापास, आणि पोरीला तर औषधांचं शिकायला जायचं होतं. तिला नीट दिसत होतं, तिचं बरोबरच होतं, तरी बाई म्हणाल्या म्हणून तिने थेंब सोडला होता.

घाई केलीस, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मुलीने ब्र काढला नसता. बाहेरून आलेले परीक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला कागद तपासत होते. त्यांनी मान वर करून बघितलंही नव्हतं.

बाई त्यांच्या टेबलापाशी गेल्या. "सर, हिचा प्रयोग माझ्यामुळे बिघडला. मला फिका गुलाबी दिसत नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. कधीपासून, त्यांनी विचारलं आणि बाईंनी काही न लपवता सांगितलं. आजवर ज्यांना होकार दिला त्यांचं काय, हेही त्यांनी विचारलं. त्यावर बाईंनी तोंडं वाचायची युक्ती सांगितली. सांगताना कान तापले, पण सांगितली. परीक्षकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मॅडम, मला हे कळवावं लागेल," ते म्हणाले. "आजची सगळ्यांचीच टायट्रेशनं मी पुन्हा बघतो."

"कळवा. आधी हिला आम्ल द्या."

आम्ल मिळालं. मुलीने नळी भरली, चंबू पांढऱ्या फरशीवर ठेवला आणि तोटीला हात लावला. बाई बाजूला उभ्या राहिल्या. आता त्यांना काही ठरवायचं नव्हतं, मान डोलवायची नव्हती. पोरगी एका हाताने चंबू फिरवत होती, दुसऱ्या हाताने थेंब सोडत होती आणि मध्येच थांबून बघत होती. मग ती थांबली ती थांबलीच.

परीक्षक शेजारीच होते. पण तिने चंबू उचलला तो बाईंसमोर धरला.

"बाई, झालं?"

"मला नको विचारूस. तू सांग."

मुलीने चंबू उजेडात धरून पुन्हा बघितलं. "झालं," ती म्हणाली. परीक्षकांनी वाकून बघितलं, हो म्हटलं आणि नळीवरचा आकडा लिहून घेतला.

"कसा आहे गं?" बाईंनी हळूच विचारलं.

मुलगी विचारात पडली. "आहे की नाही, असं वाटतं," ती म्हणाली. "पण आहे."

बाईंनी चंबू तिच्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी नेला. आत त्यांना पाणीच दिसलं. बाकीची पोरं भांडी विसळून निघून गेली, शिपायाने एकेक खिडकी लावून घेतली, तरी बाई तो दोन्ही हातांत धरून बघत उभ्या होत्या.